जे अजून घडलंच नाही, ते आपल्याला उठवतं कसं?

निसर्गातल्या बहुतेक गोष्टींना मागून धक्का बसतो. पारसिकच्या डोंगरावरून दगड घरंगळला, तर त्याचं कारण आधीच घडून गेलेलं असतं. रात्रभर पाऊस कोसळला, माती सुटली, दगड निघाला. आता त्याच डोंगराच्या पायथ्याशी, नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, दिघ्यातल्या एखाद्या चाळीकडे बघा. पहाटेचे पाच वाजलेत. एकोणीस वर्षांची एक मुलगी अंथरुणातून उठते, घरच्यांची झोप मोडू न देता बुटांच्या नाड्या बांधते आणि धावायला बाहेर पडते. तिला कोणी ढकललं? भूक लागली नव्हती, कोणी ओरडलं नव्हतं, आणि वेळ तर ऐन साखरझोपेची. तिला उठवणारी गोष्ट अजून घडलेलीच नाही! वर्षभराने घडेल, कदाचित कधीच घडणार नाही. तरीही त्या न घडलेल्या गोष्टीने एक अख्खं शरीर आज अंथरुणातून बाहेर काढलं.

जे अस्तित्वातच नाही, ते काम कसं करून घेतं?

मुलगी मी उदाहरणापुरती उभी केली आहे, पण तिच्यासारखी पोरं-पोरी महाराष्ट्रात गावोगावच्या मैदानांवर रोज पहाटे दिसतात. त्यांना पोलीस व्हायचं असतं. त्यांची भाषाही ठरलेली आहे. शारीरिक चाचणी म्हणजे ‘ग्राऊंड’, मग ‘लेखी’, मग ‘मेरिट’. शिपाई भरतीत मुलींचं ग्राऊंड 50 गुणांचं: 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15, चार किलोच्या गोळाफेकीला 15. त्यातून निभावलं की 100 गुणांची लेखी: गणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. 800 मीटरला पैकीच्या पैकी गुण हवेत? मग 2 मिनिटं 50 सेकंदांत यायला हवं. वर्दीचं सगळं स्वप्न शेवटी घड्याळातल्या एका आकड्यावर येऊन टेकतं. या आकड्यात काय जादू आहे ते पुढे बघू. आधी एक अडचण.

वर्दी घालणार आहे ती उद्याची मुलगी. झोप मोडतेय आजच्या मुलीची. या दोघी एकच आहेत, असं आपण समजतो. मेंदूला मात्र याची फारशी खात्री नसते! अमेरिकेतले संशोधक हाल हर्शफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 च्या सुमारास लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून विचार करायला लावला: आजच्या स्वतःबद्दल, दहा वर्षांनंतरच्या स्वतःबद्दल आणि दुसऱ्याच कोणाबद्दल. स्वतःचा विचार करताना मेंदूचा जो भाग विशेष जागा होतो, तो भविष्यातल्या स्वतःचा विचार करताना कित्येकांत मंदावला. दुसऱ्या माणसाचा विचार करताना मंदावतो, तसाच. म्हणजे दहा वर्षांनंतरचे तुम्ही हे मेंदूच्या लेखी जवळजवळ परके! ‘उद्यापासून नक्की’ म्हणणं इतकं सोपं का असतं, ते आता कळलं? उद्याचा व्याप आपण दुसऱ्याच कोणाच्या तरी गळ्यात घालत असतो.

मग या परक्या बाईसाठी कोणी पहाटे का उठावं? इथे आकडा कामाला येतो.

1975 सालची गोष्ट आहे. अमेरिकेत जंगलातून लाकडाचे ओंडके वाहून नेणारे ट्रक कायद्याने जेवढं वजन नेता येतं, त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच भरले जात होते. ओंडके कमी-जास्त जाडीचे, त्यामुळे अंदाज चुकायचा. ड्रायव्हरना आधी सांगून झालं होतं: जमेल तेवढं चांगलं भरा. फरक शून्य. मग संशोधक गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्याने एकच बदल केला. आता लक्ष्य 94 टक्के, असं सांगितलं. ना पगार वाढवला, ना नवं प्रशिक्षण दिलं. काही महिन्यांत ट्रक नव्वद टक्क्यांच्या घरात भरून धावू लागले!

माणसं तीच, रस्ता तोच, ट्रकही तेच. बदललं होतं ते फक्त एक वाक्य. एडविन लॉक यांनी 1968 मध्ये मांडलेली आणि पुढे लॅथम यांच्यासोबत वाढवलेली ही कल्पना शेकडो प्रयोगांत तावून सुलाखून निघाली आहे. नेमकं आणि अवघड, पण आवाक्यातलं लक्ष्य माणसाकडून ‘जमेल तेवढं कर’पेक्षा जास्त काम करून घेतं. कारण अगदी साधं आहे. ‘जमेल तेवढं’ म्हणजे किती, हे जो तो आपल्या सोयीने ठरवतो. दमलेल्या दिवशी दोन राऊंड म्हणजेसुद्धा ‘जमेल तेवढं’च. 2 मिनिटं 50 सेकंदांपुढे मात्र कोणाची मखलाशी चालत नाही.

म्हणजे मोठं, नेमकं स्वप्न डोळ्यांपुढे आणायचं आणि रोज त्यात रमायचं, एवढं पुरे? आरशासमोर उभं राहून स्वतःला खाकीत बघायचं? थांबा, इथे कथेला भलतंच वळण लागतं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या काही स्त्रियांचा वर्षभर माग घेतला. आपण बारीक झालोय, मैत्रिणी बघत राहिल्यात, अशी सर्वांत गुलाबी चित्रं ज्या रंगवत होत्या, त्यांचं वजन इतरांपेक्षा सुमारे अकरा किलो कमीच घटलं! ‘मला हे जमेल’ असा विश्वास असणाऱ्यांना मात्र फायदाच झाला. विश्वास वेगळा आणि दिवास्वप्न वेगळं. पुढच्या एका प्रयोगात तर गोड स्वप्न रंगवताना लोकांचा रक्तदाबही खाली आल्याचं दिसलं. शरीर सैलावतं. डोक्यात मिरवणूक निघून गेली की पायांना वाटतं, काम झालं.

व्हॉट्सॲपला ‘लवकरच वर्दीत’ असं स्टेटस ठेवणाऱ्यांनी आणखी एक ऐकून ठेवावं. ओटिंगेनबाईंचे पती पीटर गोलवित्झर यांनी 2009 मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. चांगला वकील होण्यासाठी अमुक अभ्यास करणार, हा ज्यांचा संकल्प दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेस पडला, त्यांनी हातातल्या अभ्यासाला कमी वेळ दिला. ज्यांचा संकल्प कोणी वाचलाच नाही, ते जास्त वेळ बसून राहिले. लोकांनी ‘अरे वा, वकीलसाहेब!’ म्हटलं की अर्धी वकिली पदरात पडल्यासारखी वाटते. अंगठे आणि टाळ्यांचे इमोजी आले की मेंदू तेही खात्यात जमा करून टाकतो, आणि तेवढ्याने व्यायामाची निकड उतरते.

तर मग उपाय काय? ओटिंगेन म्हणतात, स्वप्न बघा, पण लगेच त्याच्या शेजारी अडथळाही ठेवून बघा. बाहेरचा नव्हे, आतला. ‘पाऊस पडतो’ हा अडथळा नव्हे. ‘पाऊस पडला की मी चादर डोक्यावर ओढते’ हा. आणि मग येतं ते वाक्य, ज्याने मला स्वतःला सर्वांत चकित केलं आहे.

गोलवित्झर यांनी जर्मनीतल्या विद्यार्थ्यांना सांगितलं: नाताळची संध्याकाळ कशी गेली ते नंतरच्या दोन दिवसांत लिहून आम्हाला पाठवा. ऐन सुट्टीत, घरात पाहुणे असताना असलं काम कोण करतं? पण निम्म्यांना जादा एक गोष्ट करायला लावली होती. आपण हे नेमकं केव्हा आणि कुठे बसून लिहिणार, ते आधीच ठरवायचं. फक्त ठरवायचं. ज्यांनी ठरवलं नव्हतं, त्यांच्यातल्या साधारण एक-तृतीयांश लोकांनी लिहून पाठवलं. ज्यांनी ठरवलं, त्यांच्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी! इच्छा दोन्हीकडे होती. प्रमाण दुपटीच्या वर गेलं ते दोन शब्दांनी: केव्हा आणि कुठे.

दिघेकरांना हे चटकन पटेल. ट्रान्स-हार्बर मार्गावर 2004 पासून प्रवासी लोकल धावतात. आधी ठाणे सुटलं की एकदम ऐरोलीच यायचं. एकोणीस वर्षं त्या गाड्या दिघ्यावरून धडधडत गेल्या. गाडी होती, रूळ होते, वीज होती, चढायला माणसंही होती, थांबा नव्हता. 12 जानेवारी 2024 ला ‘दिघा गाव’ स्टेशन सुरू झालं आणि तीच गाडी दिघ्याच्या कामाची झाली. आपल्या डोक्यातून रोज धडधडत जाणाऱ्या इच्छांचं असंच असतं. ‘मी व्यायाम वाढवणार’ ही न थांबणारी गाडी. ‘पाचचा गजर झाला की मी आधी पाय जमिनीला लावणार आणि उशाजवळचे बूट घालणार’ हा थांबा.

हे वाक्य आतून काय करतं? एरवी पहाटे पाचला डोक्यात वाद सुरू होतो. आज थंडी आहे, काल उशीर झाला होता, एका दिवसाने काय बिघडतं. या वादात झोपेची बाजू नेहमी जड. पण ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं आधीच बांधून ठेवलं की निर्णय त्या क्षणी घ्यावाच लागत नाही. तो काल संध्याकाळी, डोकं ठिकाणावर असताना घेऊन झालेला असतो. गजर वाजतो आणि हात आपसूक बुटांकडे जातो. 2002 मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा वीस मिनिटं घाम काढायचा होता. काहींना काहीच सांगितलं नाही. काहींना व्यायामाचे फायदे आणि हृदयविकाराचे धोके समजावले. या दोन्ही गटांत चाळीस टक्केसुद्धा व्यायामाला गेले नाहीत. तिसऱ्या गटाने हे सगळं वाचून वर दिवस, वेळ, जागा लिहून दिली. त्यातले 91 टक्के गेले! म्हणजे नुसत्या उपदेशाचा परिणाम जवळजवळ शून्य. हे वाचून आपल्याकडच्या किती भाषणांना खाली बसावं लागेल!

पण रोज उठून असं बांधलेलं वाक्य किती दिवस पाळायचं? 21 दिवसांत सवय लागते, असं तुम्ही ऐकलं असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांना रोज एक साधी गोष्ट करायला लावली. दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणं, रात्रीच्या जेवणाआधी धावणं, असं काहीतरी. ती आपोआप, विचार न करता व्हायला सरासरी 66 दिवस लागले. पण सरासरीत फसू नका. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाला 254 लागतील असं गणित निघालं. आणि सर्वांत दिलाशाचा भाग असा, की मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने जवळजवळ काहीच बिघडलं नाही. एक खाडा झाला म्हणून सगळं मुसळ केरात, असं काही नसतं!

आता घड्याळाकडे या. मैदानावर आपल्या मुलीची मैत्रीण मोबाइलवर टायमिंग लावते. मागच्या आठवड्यात 3 मिनिटं 20 सेकंद, आज 3 मिनिटं 14. सहा सेकंद! त्या सहा सेकंदांनी चेहरा का उजळतो?

मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्रॅम शुल्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशींचा माग काढला. माकडाला फळाचा रस मिळाला की पेशी चेतायच्या. पुढे आधी दिवा आणि मग रस, असा क्रम ठरला. काही दिवसांनी पेशी दिवा लागताच चेतू लागल्या. खुद्द रस आला तेव्हा ढिम्म! आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही गप्प झाल्या. म्हणजे डोपामाइन हे रसायन मिळालेल्या सुखाची पावती देत नाही. अपेक्षा किती होती आणि हाती किती आलं, त्यातला फरक ते सांगतं. वर्षभराने येणारी वर्दी या हिशेबात आज कुठेच बसत नाही, ती फार लांब आहे. पण तीन-वीसची अपेक्षा असताना आलेले तीन-चौदा बसतात! मोठ्या ध्येयाचे तुकडे करा, असं थोरामोठ्यांनी सांगितलेलं असतं. ते तुकडे मेंदूच्या या हिशेबनिसाला दिसावेत म्हणून.

आणि मग ते ध्येय, जे आतापर्यंत नुसतं डोक्यात होतं, शरीरात उतरू लागतं. हे शब्दशः म्हणतोय. गोळाफेकीच्या पहिल्या काही आठवड्यांत गोळा लांब जाऊ लागतो, पण दंडाचा घेर मात्र तेवढाच असतो. मग ताकद आली कुठून? चेतासंस्था आधी शिकते. होते तेच स्नायूतंतू ती जास्त संख्येने आणि एका दमात कामाला लावते. स्नायू नंतर जाड होतात. धावण्याचंही तसंच. काही आठवडे सातत्याने धावलं की मांडीच्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म अवयव, मायटोकाँड्रिया, वाढतात. त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांचं जाळं दाट होतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून बसल्या जागी नाडी मंदावते. विचार करा! पुढच्या वर्षीची, अजून न झालेली एक शर्यत आज मांडीत रक्तवाहिन्या विणते आहे!

लेखीच्या अभ्यासालाही शरीर आहेच. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात, त्यात वर्षं जातात. संशोधकांनी 79 उमेदवारांचे मेंदू आधी तपासले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे काही वर्षांनी पुन्हा. 39 जण उत्तीर्ण झाले. फक्त त्यांच्याच मेंदूत वाट लक्षात ठेवणाऱ्या भागाचा मागचा हिस्सा वाढलेला आढळला.

एवढं सगळं ऐकल्यावर वाटेल, झालं तर मग, आकडा ठरवा आणि सुटा. पण एक खोच राहिली. काम अगदी नवखं आणि गुंतागुंतीचं असेल, तर निकालाचा आकडा उलट घात करतो. तिथे ‘अमुक मिळवायचं’पेक्षा ‘अमुक शिकायचं’ हे लक्ष्य सरस ठरतं. याचं अस्सल मराठी उदाहरण खाशाबा जाधवांचं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान लाल मातीत वाढलेला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेला आणि पहिल्यांदाच मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीला सामोरा गेला. निकाल: 52 किलो गटात सहावा. निकालाच्या तराजूत टाकलं तर अपयश. पण मातीत डाव मुरतो तसा मॅटवर मुरत नाही, नियम वेगळे, पकडी वेगळ्या, हे सगळं त्या सहाव्या क्रमांकाबरोबर घरी आलं. पुढे चार वर्षं घाम गाळला. 1952 च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा 57 किलो गटात उतरले आणि कांस्य घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! आणि गंमत बघा, 1955 मध्ये हे खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरींच्या स्वप्नातली वर्दी त्यांनीही घातली होती.

ध्येयात दुसऱ्याचं घरही गहाण पडलेलं असतं, हे त्या सात हजारांवरून कळतं. चाळीतली मुलगी पहाटे पळते, तेव्हा डबा कोणीतरी भरतं, पाणी कोणीतरी भरतं, ‘पोरगी कुठे जाते एवढ्या अंधारात’ या प्रश्नाला कोणीतरी उत्तर देतं. एका डोक्यातल्या इच्छेला अशी चार-पाच डोकी जोडली जातात.

आता कटू हिशेब. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. शंभरात एक! आकडा नेमका होता, वाक्य बांधलं होतं, पाऊस असो थंडी असो मैदान चुकलं नव्हतं, आणि तरीही मेरिट दोन गुणांनी हुकलं. अशांची संख्या निवड झालेल्यांपेक्षा कितीतरी पट मोठी. शिवाय वयाची अट असते. कधीतरी तो दरवाजा बंद होतो. मग या सगळ्या यंत्रणेचं काय करायचं?

इथे शेवटचं आश्चर्य आहे, आणि मला ते सर्वांत मोठं वाटतं. आपल्यात ध्येय धरण्याची जशी सोय आहे, तशी सोडण्याचीही आहे. कॅनडात किशोरवयीन मुलींचा वर्षभर माग घेतला, त्याचे निष्कर्ष 2007 मध्ये आले. जे आवाक्याबाहेर गेलं त्यातून ज्या मन काढून घेऊ शकत होत्या, त्यांच्या रक्तात शरीराचा दाह दाखवणारं एक प्रथिन फारसं वाढलं नाही. ज्यांना ते सुटत नव्हतं, त्यांच्यात ते वाढत गेलं. हट्टाची किंमत शरीर मोजतं! सोडणं म्हणजे हरणं, असं आपल्याला लहानपणापासून घोकवलेलं असतं. पण सोडून नवं काही धरणं हासुद्धा त्याच कौशल्याचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि नवं धरणाऱ्यांना जगण्यात पुन्हा अर्थ सापडतो, हेही अशाच अभ्यासांतून दिसलं आहे.

शिवाय मांडीतल्या त्या रक्तवाहिन्यांना मेरिट लिस्ट वाचता येत नाही. पाचला उघडणारे डोळे, गणिताची भीती गेलेलं डोकं, ‘गजर झाला की बूट’ हे वाक्य बांधायची कला, यातलं काहीही पोलीस खात्याच्या मालकीचं नसतं. ते रेल्वेच्या परीक्षेला चालतं, नर्सिंगला चालतं, स्वतःचा छोटा धंदा टाकायलाही चालतं. हे यंत्र तुमच्याही डोक्यात जन्मापासून बसवलेलं आहे. त्याला वयाची अट नाही, उंचीची नाही, प्रवर्गाची नाही. आणि अर्ज अवघ्या एका ओळीचा: केव्हा, कुठे, काय.